फॉरेन्सिक नर्सिंग आणि संशोधन : दोन्ही डगरींवर हात ठेवता येतो का?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी नऊ वर्षं इमर्जन्सी विभागात स्टाफ नर्स आहे. मागे एका रात्री एक बाई आल्या. "जिन्यावरून पडले" म्हणाल्या. कोपर खरचटलेलं, बाकी अंगावर काही नाही. आवाज मात्र बसलेला, आणि पाणी गिळताना तोंड वाकडं होत होतं. मी बीपी घेतलं, ड्रेसिंग केलं, डॉक्टरांनी पाहिलं, गोळ्या लिहून दिल्या, घरी पाठवलं. पुढे चार-पाच दिवसांनी सहज काही वाचत असताना कळलं की बसलेला आवाज आणि गिळायला त्रास ही गळा आवळल्याची लक्षणं असू शकतात. त्या बाईंना "कुणी गळा दाबला का?" एवढं विचारायचं मला सुचलंच नाही. त्यांच्या बाबतीत तसं काही घडलं होतं की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही.

तेव्हापासून फॉरेन्सिक नर्सिंगबद्दल मिळेल ते वाचते आहे. हे काम करणाऱ्या काही जणी पुढे पीएचडी करून विद्यापीठात संशोधनही करतात असं दिसलं. मला दोन्ही हवंय. पेशंट सोडवत नाही, आणि "हे आपल्याला शिकवलंच कसं नाही?" हा प्रश्नही सोडवत नाही. वय चौतीस. उशीर झालाय का? प्रत्यक्षात हे काम कसं असतं? दोन्ही एकत्र करणारं कुणी इथे आहे का? आणि खरं सांगा, झोप लागते का?

बिनकामाचा

मी पयला!
(धागा गंभीर आहे, म्हणून फक्त हजेरी लावून कोपऱ्यात बसतो.)

नंदाताई

रात्रपाळी, स्वतःला दोष देऊ नकोस गं. पण मला एक कळेना. फॉरेन्सिक म्हणजे मेलेल्या माणसांचं ना? तिथे नर्सचं काय काम?

कापूसबोळा

नंदाताई, माझ्या सासूबाईंना अजून वाटतं की मी शवागारात नोकरीला आहे. 😄 आमचे बहुतेक पेशंट चांगले हिंडते-फिरते असतात. लैंगिक अत्याचार, घरातली मारहाण, मुलांचे आणि म्हाताऱ्या माणसांचे हाल, चाकू-गोळीच्या जखमा, कोठडीतले आजारी. दवाखाना आणि कोर्ट एकाच खाटेपाशी येऊन उभे राहतात तिथे आम्ही. मृत्यूच्या तपासात काम करणाऱ्या नर्सेसही असतात, पण त्या थोड्या.

रात्रपाळी, मी सोळा वर्षं नर्स आहे, त्यातली अकरा या कामात. सहा वर्षांपूर्वी पीएचडी संपली. आता शिकवते, संशोधन करते आणि आठवड्यातून दोन रात्री ऑन-कॉल असते. म्हणजे तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर "येतो, पण हात भरून येतात" असं आहे.

आधी गळ्याबद्दल. सॅन डिएगोमध्ये गळा आवळल्याच्या ३०० पोलीस केसेस तपासल्या गेल्या होत्या. त्यातल्या निम्म्या बायकांच्या अंगावर डोळ्यांना दिसेल अशी एकही खूण नव्हती. फोटोत नीट येईल इतपत खूण जेमतेम १५ टक्क्यांमध्ये. त्यामुळे "मान बघितली, काही नव्हतं" यात नवल नाही. आवाज, गिळणं, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात किंवा पापण्यांच्या आत लाल ठिपके, काही क्षण शुद्ध गेली का, नकळत लघवी झाली का, हे विचारावं लागतं. आणि हे विचारणं का महत्त्वाचं, तर नॅन्सी ग्लास या नर्स-संशोधिकेच्या २००८ सालच्या अभ्यासात, जोडीदाराने आधी कधी गळा आवळलेला असेल तर त्या बाईचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सुमारे सातपट दिसली. तू जे चुकलीस ते जगभरच्या कॅज्युअल्टीत रोज चुकतं. तुझ्या लक्षात आलं एवढाच फरक.

आता कामाबद्दल. हे कुणी वरून ठरवून सुरू केलेलं नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत अत्याचार झालेल्या बायका इमर्जन्सीत तासन् तास ताटकळायच्या. हार्ट अटॅक आणि अपघात त्यांच्या पुढे जायचे, आणि कोर्टाच्या तारखा मागे लागतील म्हणून डॉक्टर टाळायचे. हे बघून वैतागलेल्या नर्सेसनी स्वतः तपासणी शिकून घेतली. १९७६ मध्ये मेम्फिस, १९७७ मध्ये मिनियापोलिस, मग इतरत्र. अशा नर्सला 'सेक्शुअल असॉल्ट नर्स एक्झामिनर' म्हणतात, बोलताना नुसतं 'सेन'. १९९२ मध्ये सत्तरएक नर्सेस मिनियापोलिसला जमल्या आणि त्यांनी आंतरराष्ट्रीय संघटना काढली. व्हर्जिनिया लिंच पहिल्या अध्यक्ष. 'फॉरेन्सिक नर्सिंग' ही स्वतंत्र शाखा म्हणून मांडणी त्यांनी आपल्या मास्टर्सच्या प्रबंधात केली होती. १९९५ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने शाखेला मान्यता दिली.

एक तपासणी म्हणजे साधारण तीन-चार तास. आधी जीव: रक्तस्राव, श्वास, डोकं. मग संमती, आणि तीही एकदाच सही घेऊन संपत नाही. प्रत्येक पायरीला विचारायचं, आणि कुठल्याही पायरीला पेशंट "पुरे" म्हणू शकते. झालेलं तिच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत लिहायचं. डोक्यापासून पायापर्यंत बघायचं, स्वॅब, फोटो, शरीराच्या नकाशावर खुणा. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, गर्भधारणा टाळायची गोळी १२० तासांपर्यंत. आज रात्री ती जाणार कुठे, तिथे तो असेल का, हेही बोलायचं. पोलिसांत जायचं की नाही हा प्रौढ पेशंटचा निर्णय असतो (काही ठिकाणचा कायदा कळवणं बंधनकारक करतो, ते तिला आधीच सांगायचं). तिने तक्रार नाही केली तरी माझं काम तेवढंच आणि तसंच.

झोपेबद्दल नंतर लिहिते. ते घाईत लिहिण्यासारखं नाही.

शून्य_प्रहर

सेन नर्स म्हणजे बंगाली का? (हलके घ्या.)

बाकी प्रतिसाद जबरदस्त. वाचनखूण साठवली.

डॉक्टरसुरी

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये.

पंचवीस वर्षं सर्जरी करतो आहे. जखमेचं स्वरूप, तिचं कारण, तिचं वय सांगणं हे वैद्यकाचं काम आहे. त्यासाठी आम्ही वर्षानुवर्षं घासतो. चाळीस तासांचा कोर्स करून कोर्टात तज्ज्ञ म्हणून उभं राहायचं? सहानुभूती आणि निदान या वेगळ्या गोष्टी आहेत. नर्सने पेशंटला धीर द्यावा, स्वॅब घ्यावेत, मत देऊ नये.

ब्रदर_ड्यूटीवर

डॉक्टरसाहेब, रात्री तीनला ते "वर्षानुवर्षं घासलेले" कुठे असतात हो? आम्हाला फोन उचलणारा तरी मिळू दे.

कापूसबोळा

राग कसला, डॉक्टर. प्रश्न रास्त आहे. पण दोन गोष्टी.

चाळीस तास हा नुसत्या वर्गातल्या शिकवणीचा भाग. तो करायला आधी नोंदणीकृत नर्स म्हणून किमान दोन वर्षं काम केलेलं असावं, असं आमची संघटना सांगते. वर्गानंतर हाताखाली शिकायचं, मग प्रत्यक्ष कामाचे काही शे तास भरल्यावर प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसता येतं. तरीही "चाळीस तास कमी आहेत" हे मला मान्यच आहे. आमच्यातही यावरून भांडणं होतात.

दुसरी गोष्ट जरा बोचेल. १९९४ मध्ये 'जर्नल ऑफ फॉरेन्सिक सायन्सेस'मध्ये एक अभ्यास आला होता. गोळी लागून दगावलेल्यांच्या ४६ केसेस. उपचार करणाऱ्या ट्रॉमा-तज्ज्ञांनी केसपेपरवर लिहिलेलं आणि शवविच्छेदनात निघालेलं पडताळून पाहिलं. २४ केसेसमध्ये गोळी आत कुठून गेली, बाहेर कुठून आली किंवा किती गोळ्या होत्या हे चुकलं होतं. म्हणजे निम्म्याहून जास्त! ते सगळे अनुभवी डॉक्टर. त्यांचं लक्ष जीव वाचवण्याकडे होतं आणि तिथेच असायला हवं होतं. पण "मोठी जखम म्हणजे गोळी बाहेर पडल्याची" असा ठोकताळा लावून लिहिलं गेलं. आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात: आत-बाहेर लिहू नका. कुठे आहे, किती मिलिमीटर, कडा कशा, भोवती काजळी आहे का, एवढंच लिहा. मत द्यायचं नाही हे तुमचं म्हणणं आमच्याच पुस्तकातलं आहे.

डॉक्टरसुरी

२४/४६ बोचलं. मुद्दा घेतला.

आता आलोच आहे तर नर्स आणि ज्युनिअर डॉक्टर दोघांच्याही केसपेपरमधली माझी आवडती चूक सांगतो. चाकूने कापलेल्या जखमेला सर्रास 'लॅसरेशन' लिहितात. लॅसरेशन म्हणजे बोथट माराने कातडी फाटणं. कडा वेड्यावाकड्या, आत बारीक तंतू पुलासारखे टिकून राहिलेले दिसतात. धारदार वस्तूने होते ती चिरलेली जखम: कडा सरळ, आत तंतू नाहीत. एक शब्द चुकला की सुरीचा दगड होतो. पुढे कोर्टात काय होतं ते काळा_कोट सांगतील.

काळा_कोट

बोलावलंत, आलो. मी बचाव पक्षाचा वकील. म्हणजे या धाग्यातला खलनायक.

डॉक्टर म्हणतात तसंच होतं. शस्त्र सुरी आणि कागदावर 'लॅसरेशन' असेल तर माझा अर्धा दिवसाचा खुराक झाला.

एक आठवण लिहितो. तपशील बदलले आहेत. साक्षीला आलेल्या नर्सने नोंदीत लिहिलं होतं, "पेशंट शांत, मध्येच हसली." बस. मी तेवढंच वाक्य तीन वेळा वाचून दाखवलं. बिचारीला सांगता आलं नाही की धक्क्यात माणूस असंही वागतो, कारण ती ते शिकलीच नव्हती. आरोपी सुटला. त्यामागे इतरही कारणं होती, पण ते वाक्य मला अजून आठवतं, आणि फार अभिमानाने नाही.

याउलट दुसरी एक. मी विचारलं, "इजा नाही, म्हणजे अत्याचार झाला नाही, बरोबर?" ती म्हणाली, "इजा नसण्यावरून अत्याचार झाला असंही म्हणता येत नाही, झाला नाही असंही म्हणता येत नाही." मी म्हटलं, "तुम्ही फिर्यादीच्या बाजूने बोलताय." तर म्हणे, "मी पाहिलं ते सांगतेय. तुम्ही बोलावलं असतंत तरी हेच सांगितलं असतं." मी खाली बसलो. अशा साक्षीदारावर वेळ घालवण्यात अर्थ नसतो.

तेव्हा रात्रपाळी, कोर्टात पेशंटची बाजू घ्यायला जाऊ नका. ती घेतलीत की माझं काम सोपं झालं.

नंदाताई

पण माणूस म्हणून बाजू घ्यावीशी वाटणारच ना? चार तास तिचा हात धरून बसलेली नर्स कोर्टात अशी कोरडी कशी बोलेल?

कापूसबोळा

नंदाताई, यानेच मला पहिली दोन वर्षं छळलं. खोलीत मी तिची नर्स असते. कोर्टात मी माझ्या नोंदींची साक्षीदार असते. खोलीत नीट ऐकलं आणि नीट लिहिलं तर कोर्टात बाजू घ्यायची गरजच पडत नाही, कागद बोलतो. नीट लिहिलं नसेल तर मात्र आवाज चढवून काही उपयोग नसतो.

'हसली' ही नोंद मी आता अशी लिहीन: काय विचारल्यावर हसली, किती वेळ, त्यानंतर काय म्हणाली, अवतरणचिन्हांत. 'शांत' हा शब्द लिहायचाच नाही. डोळे जमिनीकडे, प्रश्नाला उत्तर द्यायला वेळ, आवाज हळू, हे लिहायचं. 'कथित अत्याचार' हाही शब्द आमच्या नोंदीत नको. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याला आपण 'कथित छातीदुखी' लिहितो का?

टिंबटिंब

मूळ प्रश्नाला सोडून विचारतो. मार लागल्यावरचा काळानिळा डाग पिवळा झाला की पाच दिवस झाले, असं आमच्या फर्स्ट एडच्या पुस्तकात होतं. कोर्टात ते चालतं का?

काळा_कोट

चालवायचा प्रयत्न सगळेच करतात.

कापूसबोळा

नाही चालत, आणि चालू नये. रंगावरून डागाचं वय सांगता येत नाही. माणसाचं वय, जागा, मार किती खोल, कातडीचा रंग, बघणाऱ्याची नजर, सगळ्याने रंग बदलतो. १९९१च्या एका अभ्यासात पिवळेपणा १८ तासांच्या आत कुठल्याच डागात दिसला नव्हता. हातात भरवशाचं म्हणावं ते एवढंच, आणि 'पिवळा' कुणाला दिसतो यावरही बघणाऱ्यांचं एकमत होत नाही.

पण यात त्याहून मोठी गोम आहे. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर डाग दिसतच नाहीत, किंवा फार पुसट दिसतात. म्हणजे तोच मार लागूनही एकीच्या केसपेपरवर पुरावा, दुसरीच्या केसपेपरवर "काही आढळले नाही". यावर जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या कॅथरिन स्काफिडी या फॉरेन्सिक नर्सने काम केलं. १५७ निरोगी स्वयंसेवक घेतले, कातडीच्या रंगाचे सहा गट, प्रत्येक गट समतोल. त्यांच्या हातावर ठरावीक जोराने मार देऊन डाग उमटवला आणि चार आठवड्यांत २१ वेळा वेगवेगळ्या प्रकाशाखाली तपासला. २०२० मध्ये निष्कर्ष आला: ४१५ आणि ४५० नॅनोमीटरचा जांभळा-निळा प्रकाश आणि डोळ्यांवर पिवळा गॉगल लावून पाहिलं तर साध्या पांढऱ्या प्रकाशापेक्षा डाग कितीतरी जास्त वेळा सापडतो. त्यातही सावधगिरी आहेच. त्या प्रकाशाखाली क्रीम, मेकअप, जन्मखूण यांमुळेही काळसर पट्टा दिसू शकतो. म्हणून आधी साध्या उजेडात तपासणी, पेशंटचं सांगणं, दुखरेपणा, आणि मग तो दिवा.

रात्रपाळी, नर्स संशोधनात का हवी याला माझ्याकडे यापेक्षा सोपं उदाहरण नाही. "मला दिसलं नाही" ही रोजची अडचण आहे. ती ज्याला रोज येते त्यालाच तिच्यातून संशोधनाचा प्रश्न तयार करता येतो.

बिनकामाचा

हातावर मार खायला स्वयंसेवक?? डाग कसा उमटवला?

कापूसबोळा

पेंटबॉलच्या गोळीने, आणि वजन सोडून. सगळं संमतीने आणि नीतिसमितीच्या मंजुरीने.

बिनकामाचा

आमच्या घरी यासाठी मंजुरी लागत नाही. धाकट्याकडे क्रिकेटचा चेंडू आहे.

शून्य_प्रहर

टीव्हीवर पुरावा नेहमी पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत असतो. खरंच तसं?

डॉक्टरसुरी

कागद! ओले कपडे प्लास्टिकमध्ये घातले की दमट होऊन बुरशी धरते, डीएनए खराब. आधी वाळवायचं, मग कागदी पिशवी, प्रत्येक कपड्याला वेगळी. आणि कपडे कापताना भोकातून किंवा चिरेतून कात्री चालवायची नाही, बाजूने कापायचं. हे आमच्या रेसिडेंटना ओरडून ओरडून घसा बसला.

कापूसबोळा

👆 शंभर टक्के. आणि पाकीट बंद करायला जीभ लावायची नाही. पाकिटावर पहिला डीएनए तुमचाच!

काळा_कोट

शिवाय पिशवी कुणी कुणाला कधी दिली याची सलग सही. एका केसमध्ये चाळीस मिनिटं पुराव्याचं किट टेबलावर एकटं होतं, कारण नर्स दुसऱ्या पेशंटकडे धावली. माणूस म्हणून तिने योग्य केलं. वकील म्हणून मी त्या चाळीस मिनिटांवर दोन तास बोललो.

टिंबटिंब

अवांतर: याला मराठीत शब्द काय? न्यायवैद्यक परिचारिका?

शून्य_प्रहर

इतका लांब शब्द उच्चारेपर्यंत पुरावा वाळून जाईल.

ब्रदर_ड्यूटीवर

आणि 'परिचारिका' म्हटलं की आम्ही पुरुष कुठे जायचं? माझा गंभीर प्रश्नही हाच आहे. पुरुष नर्सला या शाखेत घेतात का?

कापूसबोळा

घेतात. कोणाकडून तपासणी करून घ्यायची हे पेशंटने ठरवायचं, एवढी एकच अट. माझ्या टीममध्ये एक जण आहे. बऱ्याच बायका त्याला चालवून घेतात, काही नको म्हणतात, तेव्हा तो शांतपणे बाहेर जातो. पुरुष पेशंटचं काय? त्यांच्यावर अत्याचार होतात, ते येतच नाहीत, आणि आले तर "पडलो" सांगतात.

ब्रदर_ड्यूटीवर

हे खरंय. एका पोराने मला तिसऱ्या ड्रेसिंगला सांगितलं. पहिल्या दोन वेळा मी बडबड करत होतो, तिसऱ्यांदा थकलो होतो म्हणून गप्प होतो.

खडूफळा

उशिरा पोचलो. मी नर्सिंगचा नाही, पण आरोग्य-संशोधन पद्धती शिकवतो आणि नर्सेसचे बरेच प्रबंध पाहिले आहेत. धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण गाडी डागांवर अडकली आहे.

पीएचडी म्हणजे चार ते सहा वर्षं. त्यातली बरीचशी नीतिसमितीच्या पत्रव्यवहारात, विदा (डेटा) साफ करण्यात आणि "नाकारले" असा मेल वाचण्यात जातात. संशोधन नको पण कामात वरच्या पायरीवर जायचं असेल तर प्रॅक्टिसची डॉक्टरेट वेगळी असते. हा फरक आधी समजून घ्या. पहिलीत नवं ज्ञान तयार करायचं असतं, दुसरीत असलेलं ज्ञान वॉर्डात उतरवायचं असतं. माझं मत: संशोधन करायचंच असेल तर लवकर करा, वॉर्डात फार वर्षं गेली की विद्यापीठाची शिस्त अंगी लागत नाही.

या शाखेच्या नोंदींची एक खोड आहे. जुन्या केसपेपरवरून अभ्यास करायला जाल तर अर्ध्या रकान्यांत काही नसतं. 'नोंद नाही' म्हणजे 'घडलं नाही' असं धरून लोक बिनधास्त टक्केवारी काढतात. गळा दाबला का हे विचारलंच नसेल तर रकाना रिकामाच राहणार ना!

कापूसबोळा

शेवटच्या परिच्छेदाला +१. "लवकर करा"शी असहमत.

जॅकलीन कॅम्पबेल घ्या. पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मोठ्या प्राध्यापक झाल्या, पण सुरुवात डेटन, ओहायोमध्ये शाळेतली नर्स म्हणून. ओळखीच्या एका विद्यार्थिनीचा तिच्या जोडीदाराने खून केला. पुढे मास्टर्स करताना त्यांनी पोलिसांकडच्या खुनाच्या फायली वाचून काढल्या. त्यातून १९८५ मध्ये 'डेंजर असेसमेंट' तयार झालं, बाईला जोडीदाराकडून मारलं जाण्याचा धोका किती हे मोजणारी प्रश्नावली. तिचा पहिला भाग नुसतं कॅलेंडर आहे. वर्षभरात कधी-कधी मार बसला, किती जोराचा, यावर ती स्वतः खुणा करते. सुरुवातीच्या कामात "मारहाण वाढलेली नाही" म्हणणाऱ्यांपैकी ३८ टक्के बायकांनी कॅलेंडर भरल्यावर उत्तर बदललं. मला हे नेहमी थक्क करतं. औषध नाही, यंत्र नाही. तारखा लिहायला दिल्या आणि बाईला स्वतःचं वर्ष दिसलं. पुढे ११ शहरांमधला त्यांचा अभ्यास २००३ मध्ये आला. मृत्यूच्या दारातून परतलेल्या बायकांपैकी जवळपास निम्म्यांना, हा आपल्याला ठार मारू शकतो, असं आधी वाटलंच नव्हतं.

कॅलेंडरची कल्पना पेशंटसमोर बसून बसूनच सुचते. म्हणून वॉर्डातली नऊ वर्षं वाया गेलेली नाहीत.

खडूफळा

कॅलेंडरचं उदाहरण मान्य. पण ॲन बर्जेस? मानसोपचार नर्सिंगच्या प्राध्यापक होत्या, लिंडा होल्मस्ट्रॉम या समाजशास्त्रज्ञ. दोघी १९७२-७३ मध्ये वर्षभर, बोस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये अत्याचाराची केस आली की दिवसा-रात्री फोन आल्याबरोबर जायच्या. १४६ पेशंटशी बोलल्या आणि १९७४ मध्ये 'रेप ट्रॉमा सिंड्रोम' (अत्याचारानंतर माणूस मनाने-शरीराने कसा वागतो याचं चित्र) मांडला. पुढे एफबीआयने बर्जेसना बोलावलं आणि ३६ लैंगिक खुन्यांच्या मुलाखतींना शिस्त लावायला त्यांची मदत घेतली. म्हणजे आधी विद्यापीठ, मग इमर्जन्सी, असाही रस्ता आहे.

काळा_कोट

माझ्या पहिल्या आठवणीतल्या नर्सला तो सिंड्रोम माहीत असता तर मी कदाचित हरलो असतो. म्हणजे "मध्येच हसली" हे त्यांनी ५० वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय: काही जणी रडतात, काही अगदी संयत दिसतात.

संशोधन करणाऱ्या साक्षीदाराबद्दल मात्र एक सूचना. तुमचा प्रत्येक लेख मी वाचून येणार. "२०१४ च्या लेखात तुम्हीच म्हटलंय की..." हे वाक्य तुमचाच मजकूर तुमच्यावर फिरवतं. लेखातली 'मर्यादा' ही शेवटची जागा आमच्यासाठी लिहिलेली असते.

कापूसबोळा

😂 हे मी अनुभवलंय. "या अभ्यासाचा नमुना लहान होता" हे माझंच वाक्य मला ऐकवलं गेलं. मी म्हटलं, "हो, म्हणूनच लिहिलं."

अजून एक, कारण इथेच दोन डगरी खऱ्या अर्थाने लांब जातात. माझ्या पेशंटला मीच माझ्या अभ्यासासाठी संमती विचारू शकत नाही. विचारली तर ती "हो" म्हणेल, कारण तिला वाटेल नाही म्हटलं तर उपचारात कमी पडेल. म्हणून दुसरं कुणीतरी विचारतं, नंतर, वेगळ्या खोलीत, आणि नकार मला कळतही नाही. त्या रात्री मी फक्त नर्स.

अश्विनी_क

आतापर्यंत वाचत होते. झोपेचं कुणीच लिहीत नाहीये, म्हणून मी लिहिते.

मी साडेतीन वर्षं हे काम केलं आणि सोडलं. मुलांच्या तपासण्या होत्या. पहिल्या वर्षी काही वाटलं नाही, उलट आपण कामाचं काहीतरी करतोय असं वाटायचं. दुसऱ्या वर्षी फोनच्या रिंगने पोटात गोळा यायला लागला. रिंग बदलली, मग नवीन रिंगने यायला लागला. भाच्याला आंघोळ घालताना माझी नजर त्याच्या अंगावर खुणा शोधायची. हे मी बहिणीला अजून सांगितलेलं नाही. ऑन-कॉलचे पैसे नावाला, आणि सकाळी आठला नेहमीची ड्यूटी. केस झाल्यावर अर्धा तास बसून बोलायला कुणी असावं, एवढी साधी सोय नव्हती. वरिष्ठांचं उत्तर: "सवय होईल."

सवय झाली हेच वाईट झालं. एका मुलीची तपासणी संपवून मी शेंगदाणे खात नोंदी लिहिल्या आणि लक्षात आलं की मला तिचा चेहरा आठवत नाहीये. त्या महिन्यात राजीनामा दिला.

आता मी अशाच केसेसच्या नोंदींचं संख्याशास्त्र करते. चेहरे नाहीत, आकडे आहेत. पळपुटेपणा म्हणा हवं तर. पण रिकामा रकाना दिसला की मला माहीत असतं की तिथे रात्री तीन वाजता एक दमलेली बाई बसली होती. खडूफळांच्या विद्यार्थ्यांना ते माहीत नसतं.

नंदाताई

अश्विनी, पळपुटेपणा कसला गं. मिठी.

कापूसबोळा

अश्विनी, मी झोपेबद्दल लिहायचं टाळत होते, ते तू लिहिलंस. माझ्याकडे उपाय म्हणून फारसं काही नाही. आम्ही प्रत्येक केसनंतर दोघींनी मिळून बोलायचं असा नियम केलाय, आणि सलग दोन रात्री कुणी घ्यायच्या नाहीत. तरी दोन वर्षांत टीममधल्या तिघी गेल्या. मला संशोधनाने तारलं असं वाटतं, कारण पाच दिवस मी दुसऱ्या खोलीत असते. पण फक्त संशोधन केलं असतं तर तिसऱ्या वर्षी कंटाळले असते.

खडूफळा

अश्विनी_क, तुमचं शेवटचं वाक्य मी वर्गात सांगणार आहे. परवानगी आहे ना? आणि "लवकर करा" हे मी अर्धं मागे घेतो.

अश्विनी_क

आहे. शेंगदाणे वगळून.

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला वेळ लागला, सलग चार नाइट होत्या.

अश्विनीताईंचा प्रतिसाद तीनदा वाचला. पीएचडीचा अर्ज यंदा करत नाही. आधी सेनचं प्रशिक्षण, आणि ज्या ठिकाणी केसनंतर बोलायला माणूस आहे तिथेच. मुलाखतीत हा प्रश्न मीच त्यांना विचारणार.

एक उत्साहाची गोष्ट करणार होते: आमच्या विभागातल्या गेल्या वर्षभराच्या 'पडले' म्हणणाऱ्या बायकांच्या नोंदी काढून, किती जणींना गळ्याबद्दल विचारलं ते मोजायचं. मग खडूफळांचं वाचून थांबले. परवानगी कुणाकडे मागायची?

खडूफळा

शाब्बास, थांबलात ते बरं केलंत. नुसतं कुतूहल म्हणून पेशंटचे कागद उघडायचे नाहीत, तुमच्या विभागाचे असले तरी. आधी विभागप्रमुखांकडे एक पानी प्रस्ताव, मग नीतिसमिती. नावं-गावं न घेता, फक्त 'विचारलं / विचारलं नाही' असा रकाना. प्रस्ताव मला व्यनि (खाजगी निरोप) करा, बघून देतो.

डॉक्टरसुरी

आणि तोवर पुढच्या पेशंटला विचारायला समितीची मंजुरी लागत नाही.

रात्रपाळी

विचारलं, डॉक्टर. परवाच. एकटीला, नातेवाइकाला बाहेर चहा घ्यायला पाठवून. ती "नाही" म्हणाली. मी "बरं" म्हटलं, दंडावरचा डाग मोजला, मिलिमीटरमध्ये लिहिला. रंग लिहिला, वय नाही लिहिलं. जाताना तिने दारातून वळून विचारलं, "सिस्टर, तुमची ड्यूटी कोणकोणत्या दिवशी असते?"

कापूसबोळा

सांगितलंस ना?

रात्रपाळी

चिठ्ठीवर लिहून दिलं. मग वाटलं चिठ्ठी त्याच्या हाती लागेल, म्हणून परत घेतली आणि तोंडपाठ करून घेतलं.